बत्तीसच्या जागी सोळा

पेणला रामवाडीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या काकू नसत्या, तर आज मी माझ्याच हातांवर भरवसा ठेवू शकलो नसतो. हे आधी सांगून टाकतो. पुढे जे सांगायचंय त्यात राग पुष्कळ आहे, आणि रागाच्या भरात माणूस उपकार विसरतो. काकूंनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं, सणासुदीला आपल्या घरी पानावर बसवलं, आणि ज्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं त्या दिवशी क्लास अर्धा सोडून, पायात चपला सरकवून माझ्याबरोबर निघाल्या. नात्यानं त्या माझ्या कोणीच नाहीत. त्यांचं घर खाडीकाठचं, मिठागरात राबलेलं. मी मंगरुळपीरकडचा, आठवीत शाळा सुटलेला. आमच्या भाषा ऐकल्या तर दोघं एकाच राज्याचे आहोत हेसुद्धा कोणाला पटलं नसतं.

पेणला मी शिकायला म्हणून आलो नव्हतो. वडील आजारी पडले, शाळा सुटली, आणि गावातल्या टोळीबरोबर महामार्गाच्या कडेनं टेलिफोनच्या केबलसाठी चर खणत खणत मी पेणपर्यंत पोचलो. टोळी पुढे गेली, मी तापानं मागे राहिलो. ताप उतरल्यावर रामवाडीतल्या एका गाळ्यात काम मिळालं. तिथे इन्व्हर्टर आणि टीव्ही दुरुस्त व्हायचे. गाळा ज्यांचा होता त्यांना सगळे शेठ म्हणायचे. शेजारचा गाळाही त्यांचाच, त्यात काकूंचा क्लास भाड्यानं होता. दिवसभर भिंतीपलीकडून टायपिंगच्या मशीनचा खडखडाट यायचा.

माझा स्वभाव भित्रा. बसमध्ये बसलो की खिशातलं तिकीट चारदा चाचपतो. पण सोल्डरचं काम हातात आलं आणि त्या भित्रेपणाचा फायदा झाला. मी प्रत्येक सांधा पुन्हा पुन्हा बघायचो. तार थंड होईपर्यंत श्वास रोखून धरायचो. शेठ हसायचे, पण माझ्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्याकडे दाखला नव्हता, मार्कशीट नव्हती. हात चांगला आहे एवढं लोक म्हणत होते, आणि तेवढ्यावरच माझं पोट होतं.

मग शेठनं धंदा वाढवला आणि एक इंजिनियर आणला. पेणचाच, पुण्याला शिकून आलेला. त्याला मी दादा म्हणायचो. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही.

"काय वऱ्हाड, चहा झाला का?"

"काहून दादा, तुमचा नाही झाला?"

"काहून, काहून," तो माझी नक्कल करायचा. "अरे, 'काहून' विचारणारा पोरगाच मला पाहिजे होता. इथले सगळे नुसते व्हय व्हय करतात."

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी दादा एक डबा बनवत होता. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायची आणि टाकी भरत आली की पंप बंद करायचा, एवढंच त्या डब्याचं काम. आत एक छोटा बोर्ड, बोर्डावर प्रोसेसर, आणि त्या प्रोसेसरवर चालणारं कर्नेल. कर्नेल हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. संगणकात सगळ्यात तळाशी बसून सगळ्यांना कामं वाटून देणारा प्रोग्राम, असं त्यानं सांगितलं. मला ते काही कळलं नाही. तेव्हा त्यानं मला हात धरून बाहेर नेलं आणि समोरच्या गणपतीच्या कारखान्यासमोर उभं केलं. आत पांढऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या, बिनहातांच्या.

"बघ. धड सगळ्यांचं एका साच्यातून. हात नंतर जोडतात. कोणाला आशीर्वादाचा हात, कोणाला मोदकाचा. कर्नेलचं तसंच असतं. मोठा भाग जगातल्या सगळ्या प्रोसेसरना एकच. पण प्रत्येक प्रोसेसरचे हात वेगळे. घड्याळ कुठल्या पत्त्यावर, सिरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर, मेमरीचं एक पान केवढं, हे ज्याचं त्याच्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्या फाइलीला म्हणायचं डेफिनिशन."

"आणि दुसऱ्याचेच हात लागले तर?"

"तर मोदक सोंडेपर्यंत पोचत नाही," दादा म्हणाला, आणि आतले रंगारीसुद्धा हसले.

त्या बोर्डासाठी डेफिनिशनची फाइल करायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. मी हे आजही अभिमानानं सांगतो. प्रोसेसरचं जाडजूड मॅन्युअल इंग्रजीत. दादा म्हणाला, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, मग उलट. म्हणजे चूक राहत नाही. पण मला वाचता कुठे येत होतं? अक्षरं यायची, शब्द अडायचे. तेव्हा शेजारच्या काकूंकडे गेलो. दुपारी त्यांचा क्लास रिकामा असायचा. त्या पंख्याखाली डबा उघडून बसायच्या, बोंबील आणि भाकरी, आणि मला म्हणायच्या, "आन तुझा तो पोथा."

मॅन्युअलला त्या पोथाच म्हणायच्या. त्यांनाही त्यातलं तंत्र कळायचं नाही. पण त्यांच्या घरातून मॅट्रिक झालेल्या पहिल्या त्याच, इंग्रजी वाक्य त्यांना सोडवता यायचं. "ह्ये बघ, 'शॅल' लिवलाय म्हंजे केलंच पायजे. 'मे' लिवलाय म्हंजे तुझी मर्जी. कळला काय?" असं करत करत मी वाचायला लागलो. प्रोसेसरजवळच्या मेमरीच्या कप्प्याचा आकार किती, ही ओळ मी स्वतः मॅन्युअलमध्ये वाचली आणि स्वतः फाइलीत टाइप केली. बत्तीस. त्या प्रोसेसरला बत्तीस बरोबरच होतं.

बोर्ड पहिल्यांदा सुरू झाला, पडद्यावर कर्नेलच्या ओळी सरसर उतरल्या, तेव्हा दादानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "शाळा काय रे वऱ्हाड! शाळेत गेलेले गाढव मी रोज बघतो." मग आम्ही एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तो मला सख्ख्या भावासारखा वाटत होता. नव्हे, गावाकडे भावांनी कधी माझ्या पाठीत असा धपाटा घातलाच नव्हता.

डबे रोह्याला बसले, चांगले चालले. मग त्याच कारखान्यानं आणखी मागवले. बोर्ड आले की पंप चालू-बंद करणारा रिले, केबलची टोकं, वीजपुरवठ्याचा भाग हे सगळं मी सोल्डर करायचो. आणि शेवटी सगळ्यावरून वॉर्निशचा हात फिरवायचो. पेण काय, रोहा काय, खाडीची हवा. उघड्या सांध्यावर चार महिन्यांत हिरवं धरतं. इन्व्हर्टरच्या कामातच ते मी शिकलो होतो. वॉर्निश लावायला ब्रश बारीक लागतो. गणपतीचे डोळे लिहिणारे कारागीर ब्रश झिजला की टाकतात, ते मी मागून आणायचो. वॉर्निश वाळलं की बोर्डावर काचेसारखा पापुद्रा बसतो. त्याला इस्तरी, म्हणजे सोल्डरची गरम दांडी, लागली की तो जळून काळा पडतो, आणि खाली काम केलं हे आंधळ्यालाही कळतं.

नवे डबे बसून थोडे दिवस झाले आणि रोह्याहून फोन आला. सांडपाण्याची टाकी भरून वाहिली होती. कोणाला काही झालं नाही, पण सगळं अंगण घाण झालं. डब्यावर पातळी निम्मी दिसत होती. मग दुसऱ्या डब्याचं तसंच झालं. मध्येच बरोबर दाखवायचा, मध्येच मघाचाच आकडा दाखवत बसायचा. हातानं थोपटलं की कधी सुधारायचा, कधी नाही.

ह्या धंद्यात कोणालाही विचारा. जे कधी चालतं, कधी चालत नाही, आणि थोपटल्यावर जागं होतं, त्याला सगळे एकच नाव देतात. ड्राय सोल्डर. वरून जुळलेला दिसणारा, आतून न धरलेला सांधा. आणि सांधे कोणाचे? माझे.

परत आलेला डबा टेबलावर उघडा होता. शेठ उभे. दादानं भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि रिलेच्या पायावर बोट ठेवलं.

"इथं बघा शेठ. कड दिसतेय का, बारीक? धरलं नाहीये."

शेठ वाकले. "व्हय, दिसतंय कायतरी."

मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या हाताला झालंय काय? लक्ष कुठं असतं? गावाकडं पोरगी बघितलीय काय?"

मी भिंगातून बघितलं. मला कड दिसली नाही. पण दादाला दिसली म्हणजे असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सगळ्यात वाईट हेच. मी विश्वास ठेवला. त्या दिवसानंतर दांडी हातात घेतली की हात थरथरायचा. थरथरला की खरंच सांधा बिघडायचा, आणि मग वाटायचं, बघ, दादा म्हणतो ते खोटं नाही. काकू म्हणाल्या, "डोळे तपासून घे रं." मी तपासले. डोळे नीट होते. मग तर जीव आणखीनच घाबरला. डोळे नीट, हात वाईट. यावर कुठला चष्मा?

दादानं सगळे नवे डबे रोह्याहून परत मागवले. "मी घरी नेऊन सगळे सांधे नव्यानं मारतो. तू हात लावू नकोस," तो म्हणाला. वाईट वाटलं, पण मनात त्याचे आभारच मानले. माझी घाण तो निस्तरतोय, असंच मला वाटत होतं.

डबे पुन्हा बसले आणि बिनतक्रार चालू लागले. शेठनं मला फक्त केबलची झाकणं आवळायला रोह्याला पाठवलं. मी एसटीनं गेलो. गडब गेलं, नागोठणं गेलं, आणि वाटेत मी मनात एकच म्हणत होतो, कोणी ओळखू नये. कारखान्यात सुपरवायझरनं शिडी दिली. एका डब्यात पाणी शिरलंय का ते बघायला मी झाकण उघडलं.

आत माझं वॉर्निश होतं. जसंच्या तसं, काचेसारखं. रिलेच्या पायाजवळ ब्रशाचा एक केस पापुद्र्यात अडकून राहिला होता, तो मला आठवत होता. लावतानाच मी स्वतःवर चिडलो होतो. कुठे काळा डाग नाही, कुठे फुगलेला पापुद्रा नाही. ह्या बोर्डाला गरम दांडी शिवलेलीच नव्हती.

मी दुसरा डबा उघडला. तेच. तिसरा उघडला.

"काय रे, चांगला चाललेला डबा कशाला उचकतोस?" सुपरवायझर खालून ओरडला. "तुमच्या इंजिनियरनी सगळे सांधे स्वतः मारले म्हणे. आधी कोण अडाणी बसवला होता कोण जाणे."

"मीच," मी म्हणालो.

तो शिडीजवळ आला. मग म्हणाला, "शिडी धरतो, सांभाळून उतर."

परतीच्या बसमध्ये मी तिकीट चाचपलं नाही. डोक्यात एकच येत होतं. सांधे तेच आहेत, डबे चालू आहेत. मग माझ्या हाताचं काय बिघडलं होतं?

दादा गाळ्यात एकटाच होता. शेठ जेवायला गेले होते.

"दादा, तुम्ही सांधे नव्यानं मारलेच नाहीत."

त्यानं मान वर केली नाही. "असं का वाटतं?"

"वॉर्निश शाबूत आहे."

तेव्हा त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडे बघून हसला, जसा पहिल्या दिवसांत हसायचा. "मानलं तुला. बस."

मी बसलो नाही. त्यानं उभ्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगितलं. नव्या डब्यांसाठी जुना प्रोसेसर मिळायला उशीर होत होता. त्याच घराण्यातला दुसरा, जवळजवळ तसाच, लगेच मिळत होता. त्यानं शेठला सांगितलं, सेमच आहे. घाईत कर्नेलला डेफिनिशनची जुनी फाइलच लावली. बाकी सगळं जुळलं, कर्नेल उठलं, डबे गेले. फक्त एक आकडा जुळत नव्हता. नव्या प्रोसेसरच्या कप्प्याचा आकार सोळा होता. फाइलीत राहिला बत्तीस.

तो आकडा कशाचा, ते मला तोपर्यंत माहीत झालं होतं. प्रोसेसर मेमरीतल्या गोष्टींच्या नकला आपल्याजवळच्या बारक्या कप्प्यांत ठेवतो. बाहेरून नवीन माप आलं की कर्नेलनं त्या जुन्या नकला काढून टाकायच्या असतात, एकेक कप्पा पुढे जात. कप्पा सोळाचा आणि उडी बत्तीसची घेतली, तर एक कप्पा रिकामा होतो आणि पुढचा तसाच राहतो. त्यात शिळं माप पडून असतं. टाकी भरत असते आणि डबा मघाचा आकडा सांगत असतो. कधी सांगतो, कधी नाही, कारण शिळा कप्पा दर वेळी वाट्याला येतोच असं नाही.

"एक ओळ बदलली," दादा म्हणाला. "बत्तीसच्या जागी सोळा. संपलं."

"तुम्हाला कळलं कधी?"

"पहिला डबा परत आला तेव्हाच."

"म्हणजे भिंग घेतलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला.

"मग शेठना भिंगातून काय दाखवलंत?"

"अरे, शेठला भिंगातून काय कळतंय!"

"मला कळतं ना, दादा."

हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो. त्यानं उठून दार लोटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मऊ आवाजात, जसा तो मला रजिस्टरचे पत्ते समजावायचा तसा, म्हणाला, "हे बघ. मी चुकलो म्हटलं असतं तर शेठचा भरवसा गेला असता, कारखान्याचाही गेला असता, धंदा बसला असता. तू चुकलास म्हटलं तर काय होणार? पोरगा शिकतोय म्हणतील. तू शाळा सोडलेला. तुला कोण काय विचारतंय?"

शेठ माझ्यावर ओरडले ते मी विसरलो. हे वाक्य नाही विसरत. 'शाळा काय रे' म्हणणाऱ्याच माणसाचं ते होतं.

दुसऱ्या दिवशी शेठनं बोलावलं. रोह्याच्या कारखान्याला बिघाडाचं कारण हवं होतं. तिथल्या साहेबांसमोर मी उभं राहायचं आणि म्हणायचं, सांधे माझ्याकडून कच्चे राहिले. "एवढं बोल की विषय मिटला. नोकरी आहे तशी राहील. नाय बोललास, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." दादानं त्यांना काय सांगितलं होतं, काय लपवलं होतं, मला माहीत नव्हतं. दादा शेजारी उभा होता. "भावासारखं सांगतो, वऱ्हाड, बोलून टाक," तो म्हणाला.

मी 'उद्या सांगतो' म्हणालो आणि भिंतीपलीकडे गेलो. खरं सांगायचं तर बोलून टाकायचंच माझ्या मनात होतं. कुठे जाणार होतो मी? परक्या मुलखात, दाखल्याशिवाय. काकूंनी तोंड बघूनच विचारलं, "काय झालाय?" मी सगळं सांगितलं. कप्प्यांचं सांगताना मला वाटलं हे त्यांना कळणार नाही. पण त्या मध्येच म्हणाल्या,

"थांब. म्हंजे मिठाचे वाफे ओढत चालायचा, नि ढेंग येवढी टाकायची की एक वाफा सोडून दुसराच ओढला जातोय. मधल्यांत जुनाच मीठ."

"हो, अगदी तसंच."

"मंग ह्यात तुझा सोल्डर कुठं आला?"

"नाहीच आला."

"नाहीच आला, तर तू बोलणार काय? माझा हात वाईट?" त्यांनी मशीनचं झाकण दाणकन लावलं. "अरे, नोकरी एक जाईल, दुसरी येईल. पण तू सोता बोललास ना माझा हात वाईट, की तो हात जन्मभर वाईट. मंग तुला दुसरा कोण घेईल रं? तूच तुला घेणार नाय."

त्यांनी पोरींना परिच्छेद टाइप करायला दिला, आणि आम्ही शेजारच्या दारात उभे राहिलो. शेठ आणि दादा दोघंही होते.

"शेठ," काकू म्हणाल्या, "पोरगा नाय बोलनार. तुमच्या इंजिनियरला विचारा काय बदलला त्यानं."

शेठनं दादाकडे बघितलं. दादानं पडद्याकडे. तेवढ्या एका क्षणात मला वाटलं, तो सांगेल. मी म्हणालोसुद्धा, "दादा, एकदा सांगा. मी बाहेर कोणाला बोलणार नाही. फक्त शेठना सांगा."

"मला जे सांगायचं होतं ते मी शेठना सांगितलंय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. जणू बस किती वाजता आहे ते कोणी विचारलं होतं.

शेठ काही दूधखुळे नव्हते. त्यांना कळलं असावं असं मला आजही वाटतं. पण डेफिनिशनच्या फाइली लिहिणारा माणूस पेणात एकच होता, आणि सोल्डर मारणारे चार मिळाले असते. ते काकूंना म्हणाले, "बाई, तुमचा क्लास माझ्या गाळ्यात चालतो. ते ध्यानात ठेवून बोला."

"भाडं देते मी," काकू म्हणाल्या. "जीभ नाय दिली भाड्यानं."

शेठनं मग मला विचारलं, शेवटचं. वऱ्हाडातून निघालेला माणूस असा कोंडीत सापडला की त्याची भाषा परत जागी होते. मी म्हणालो, "म्या नाही म्हणनार. माह्या हाताची चूक नाही."

आणि निघालो. माझा चिमटा आणि दांडी तिथेच राहिली, मागायला गेलो नाही. दादा मागून येईल असं नाक्यापर्यंत वाटत होतं. तो आला नाही.

त्यानंतरचे दिवस मी काकूंच्या घरी काढले, गडबच्या पुढे खाडीकडच्या वाडीत. त्यांची सासू मला बघून रोज विचारायची, "ह्यो कनाचा गो?" आणि काकू उत्तर द्यायच्या, "माझ्या क्लासचा." एवढंच. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा कोइमतूरला बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात होता. काकूंनी फोन केला, मी गेलो. तिथे शाळा कोणी विचारली नाही. एक बोर्ड समोर ठेवला, म्हणाले, सोल्डर करून दाखव. मी केला. त्यांच्या माणसानं भिंग उचललं, आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिलो. तो तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. दुसऱ्यानं हिंदीत सांगितलं, "बोल रहा है, साफ है."

त्याला कळलं नसेल मी का रडलो.

इथे आता बरीच वर्षं झाली. नवा प्रोसेसर आला की डेफिनिशनची फाइल मॅन्युअलशी ताडून बघायचं काम कधीकधी माझ्याकडे येतं, कारण मला वाचता येतं आणि मी भित्रा आहे, दोनदा बघतो. इंजिनियर लोक चांगले आहेत. पाठीवर हात ठेवतात. पण कोणी पाठीवर हात ठेवला की अजून अंग आकसतं. दादा वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं व्हावं म्हटलं तर तेही जमत नाही. मला प्रोसेसरचं जग त्यानंच दाखवलं. त्यानं शिकवलेलं खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं. ते सगळं खरं होतं. त्याच ज्ञानानं त्याला पहिल्याच डब्याला कळलं की चूक कोणाची, आणि तरी त्यानं माझ्या सांध्यावर बोट ठेवलं. हे मी कुठे नेऊन ठेवू, मला समजत नाही. ते डबे रोह्याला अजून चालत असतील. त्यांवर माझे हात आणि त्याचा आकडा एकत्र आहेत.

काकूंचं मला उशिरा कळलं. मी गेल्यावर त्याच दिवाळीनंतर शेठनं त्यांना गाळा खाली करायला लावला. त्या फोनवर हे कधी बोलल्याच नव्हत्या. त्यांच्या सासूनं सहज सांगून टाकलं, कारण तिला वाटलं मला माहीत असेल. मी काकूंना विचारलं तर हसल्या. "बरा झाला. घरीच चालवते दोन मशीनी. जायचा यायचा त्रास गेला." पण वाडीतून पोरी किती येणार, आणि पेणच्या पोरी खाडीकाठी कशाला येतील, हे न कळायला मी काही आठवीतला राहिलेलो नाही. ज्या दिवशी त्या माझ्यासाठी त्या दारात उभ्या राहिल्या, त्या दिवशी काय जाणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. शेठनं तोंडावर सांगितलं होतं. तरी त्या बोलल्या.

काकू, तुम्ही हे वाचाल आणि म्हणाल, हा काय पोथा लिहून ठेवलाय. म्हणा. पण मी शब्द देतो. मी परत येईन, आणि पेणात, रस्त्याला लागून, कोणाच्याही मर्जीवर नसलेली जागा तुमच्या क्लाससाठी उभी करीन. मशीनी टायपिंगच्या ठेवायच्या की संगणक आणायचे, ते तुम्ही ठरवायचं. कधी जमेल, ते आज सांगता येत नाही. पण जमेपर्यंत मी हे फेडायचं सोडणार नाही.